बॅटमॅन झाला कसा? आमच्या वाचनालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात कॉमिक्सचं एक कपाट आहे. शाळा सुटली की पोट्टे-पोट्ट्या आधी त्या कपाटाशी जातात, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी बॅटमॅनच हवा असतो. मुलांनी, त्यांच्या आयांनी, शिक्षकांनी आणि पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांनी जे विचारलं ते इथं एका जागी लिहून काढलं आहे. मुलांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

ताई, बॅटमॅन झाला कसा? पह्यलेपासून सांगा.

ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली नोव्हेंबर १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३३ व्या अंकात, आणि तीही फक्त दोन पानांत. थॉमस वेन, त्याची बायको आणि लहानगा ब्रूस रात्री सिनेमा पाहून पायी घरी निघालेत. रस्त्यात एक माणूस पिस्तूल रोखतो आणि बाईच्या गळ्यातला हार मागतो. थॉमस मध्ये पडतो, गोळी सुटते. बायको ओरडते, तिलाही गोळी. पोरगा बघत उभा आहे.

काही दिवसांनी तोच मुलगा मेणबत्तीच्या उजेडात पलंगाशी गुडघे टेकून बसलेला दिसतो. आईबापाची शपथ घेऊन तो म्हणतो की उरलेलं आयुष्य मी सगळ्या गुन्हेगारांविरुद्ध लढण्यात घालवीन. मग वर्षं सरतात. तो विज्ञान शिकतो, शरीर कमावतो. तयार झाल्यावर एका रात्री बापाच्या घरात बसून वेश कोणता घ्यावा याचा विचार करत असताना उघड्या खिडकीतून एक वटवाघूळ आत येतं, आणि त्याला उत्तर मिळतं.

पुढच्या ऐंशीहून जास्त वर्षांत या दोन पानांवर हजारो पानं रचली गेली, पण हाडं तीच राहिली: गल्ली, पिस्तूल, हार, मेणबत्ती, वटवाघूळ. एक गोष्ट मला नेहमी टोचते. त्या दोन पानांत वडिलांना नाव आहे आणि आई नुसती 'त्याची बायको' आहे. मार्था हे नाव तिला नंतरच्या गोष्टींत मिळालं.

पहिल्याच अंकात ही गोष्ट का नव्हती?

कारण तेव्हा ती तयारच नव्हती. जून १९३८ च्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला आणि तुफान खपला, तेव्हा प्रकाशकांना तसाच आणखी एक नायक तातडीनं हवा होता. मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात सहा पानांची गोष्ट आली. तिच्यात ब्रूस वेन हा पोलीस कमिशनर गॉर्डनकडे उठबस असलेला, सगळ्याचा कंटाळा आलेला श्रीमंत तरुण आहे. बॅटमॅन म्हणजे तोच, हे शेवटच्या चित्रात कळतं. तो असं का करतो हे वाचकांना पुढचे सहा महिने ठाऊक नव्हतं.

मला हे क्रमानं वाचायला आवडतं. आधी काम दिसतं, जखम नंतर कळते. माणसांची ओळखही बहुधा अशीच होते.

ही गोष्ट लिहिली कोणी?

पुस्तकावर दीर्घकाळ एकच नाव छापलं जात होतं, बॉब केनचं. केन चित्रकार होता आणि मूळ कल्पना त्यानं मांडली, हे खरं. पण त्याच्या पहिल्या रेखाटनात लाल कपडे, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख होते. बिल फिंगर नावाच्या लेखक मित्रानं ते चित्र पाहिलं आणि एकेक गोष्ट बदलत नेली. डोकं झाकणारा कान असलेला मुखवटा, डोळ्यांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या फटी, पंखांऐवजी अंगरखा, हातमोजे, गडद रंग. ब्रूस वेन हे नावही फिंगरचंच. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस आणि अमेरिकेचा सेनानी अँथनी वेन, या दोघांची नावं त्यानं जोडली. पहिल्या अंकातली गोष्ट त्याची, आणि आईबापाच्या खुनाची दोन पानंही त्याचीच मानली जातात.

करार मात्र केनच्या एकट्याच्या नावानं झाला. फिंगर १९७४ मध्ये गेला, तोवर 'बॅटमॅनचा निर्माता' म्हणून त्याचं नाव अधिकृतपणे कुठंही आलं नव्हतं. केननं स्वतःच्या १९८९ च्या आत्मचरित्रात हळहळ व्यक्त केली, पण छापील श्रेय यायला २०१५ उजाडलं.

आमच्या कपाटातल्या जुन्या अंकांवर आतल्या पानाला आम्ही फिंगरच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे. राबणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे आमच्या गावातल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नवीन अंक आला की त्या चिठ्ठ्या मुलंच लिहितात.

ते सिनेमा कोणता पाहून आले होते?

१९३९ च्या गोष्टीत सिनेमाचं नाव नाही. पुढे तिथं 'झोरो'चा सिनेमा आला, आणि लेखक-चित्रकार फ्रँक मिलरच्या १९८६ च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स' या मालिकेनंतर तो पक्का झाला. निवड चपखल आहे. जॉन्स्टन मकलीनं १९१९ मध्ये लिहिलेला झोरो दिवसा ऐषआरामी आणि रात्री मुखवटा घालून अन्यायाशी लढणारा. झोरोच्या सिनेमाचा आपल्यावर परिणाम झाला होता, असं केनही सांगत असे. म्हणजे त्या पोरानं आईबापासोबत शेवटचं जे पाहिलं, तेच तो पुढे झाला.

तुटलेल्या माळेचे मोती रस्त्यावर विखुरतात ते प्रसिद्ध चित्रही मिलरच्या त्याच मालिकेतलं. त्याआधी हार होता, पण अशी मोत्यामोत्यानं मोजलेली ती रात्र नव्हती.

त्याच्या मायबापाले कोनं मारलं? तो सापडला का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर दर पिढीनं वेगळं दिलं आहे.

१९३९ मध्ये मारेकऱ्याला नाव नाही. तो अंधारातून येतो, अंधारात जातो.

१९४८ मध्ये 'बॅटमॅन'च्या ४७ व्या अंकात त्याला नाव मिळालं, जो चिल. ती गोष्ट फार ताकदीची आहे. बॅटमॅनला तो सापडतो, पण खुनाचा पुरावा नसतो. तेव्हा तो चिलसमोर मुखवटा काढतो आणि सांगतो की ज्या पोराला तू जिवंत सोडलंस तो मी. घाबरलेला चिल पळत आपल्या साथीदारांकडे जातो आणि सांगून बसतो की या बॅटमॅनला मीच घडवलं. ज्या बॅटमॅननं त्यांची आयुष्यं नासवली तो याच्यामुळे झाला, हे ऐकताच साथीदार रागानं त्यालाच गोळ्या घालतात. बॅटमॅन नेमका कोण, हे त्याच्या तोंडून निघायच्या आत तो मरतो.

१९५६ च्या एका अंकात आणखी एक पदर आला: चिल साधा लुटारू नव्हताच, लू मॉक्सन नावाच्या गुंडानं त्याला सुपारी दिली होती. १९८९ च्या सिनेमानं तर खून जोकरच्याच माथी मारला. मला हे सगळ्यात कमकुवत वाटतं. नायक आणि खलनायक यांनी एकमेकांना घडवलं ही जुळणी डोळ्यांना बरी दिसते, पण त्यामुळे एवढं मोठं शहर दोन माणसांपुरतं उरतं.

मग १९९४ मध्ये कॉमिक्समध्ये उलटं वळण घेतलं गेलं. मारेकरी कधीच सापडला नाही, तो कोण होता हे ब्रूसला कधीच कळलं नाही, असं ठरवण्यात आलं. २००६ च्या सुमारास चिल पुन्हा परत आला.

मला विचाराल तर ते मधलं, नाव नसलेलं उत्तर सगळ्यात खरं आहे. मूळ शपथ पुन्हा वाचा. त्यात मूल 'त्या माणसाला' शोधीन म्हणत नाही, सगळ्या गुन्हेगारांविरुद्ध लढीन म्हणतं. एका माणसाला पकडून जे दुःख संपलं असतं, ते संपण्यातलं नाही हे फिंगरला पहिल्याच दिवशी कळलेलं होतं. मारेकरी सापडला की वाचकाला हिशेब मिटल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या रात्री ब्रूस पुन्हा छतावर उभा असतो.

आमच्या भागात हा प्रश्न विचारणाऱ्या काही मुलांच्या घरातही बाप नाही. तिथं कोणी गल्लीत पिस्तूल घेऊन आलेला नव्हता. कर्ज होतं, हुकलेला पाऊस होता, पडलेला भाव होता, आणि यातल्या कशालाच पकडून पोलिसांत देता येत नाही. त्या मुलांना मी जो चिलची गोष्ट आधी देत नाही. याबद्दल खाली एका शिक्षकांच्या प्रश्नात सविस्तर लिहिलं आहे.

बॅटमॅन बंदूक काहून नाही वापरत?

सुरुवातीला वापरायचा. पहिल्याच गोष्टीत त्याच्या ठोशानं गुन्हेगार अॅसिडच्या टाकीत पडतो आणि त्याला वाईटही वाटत नाही. १९४० च्या वसंतात आलेल्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात तर तो विमानातून मशीनगन चालवतो. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना ते खटकलं. वाचक लहान मुलं होती. बॅटमॅननं यापुढे कोणाला मारायचं नाही, बंदूक धरायची नाही, असं त्यांनी ठरवून दिलं.

म्हणजे हा नियम गोष्टीच्या पोटातून आलेला नव्हता, तो कचेरीतून आला. पण पुढच्या लेखकांनी तो त्या गल्लीशी जोडला: ज्या हत्यारानं माझं घर गेलं ते मी हातात घेणार नाही. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि काही वर्षांनी झाड एकच दिसतं, तसा हा नियम त्या गोष्टीशी एकजीव झाला. आज बंदूकवाला बॅटमॅन दाखवला की वाचकाला तो परका वाटतो, आणि हे मला कॉमिक्सच्या इतिहासातलं फार मोठं काम वाटतं. नुसती खबरदारी म्हणून आलेली गोष्ट त्या माणसाचा स्वभाव होऊन बसली.

वटवाघूळच काहून? वाघ काहून नाही?

हा प्रश्न टिपेश्वरच्या जंगलाकडच्या गावातून आला होता, त्यामुळे वाघ सुचणारच.

मूळ गोष्टीत ब्रूसचं म्हणणं असं की गुन्हेगार अंधश्रद्धाळू आणि भेकड असतात, तेव्हा त्यांच्या काळजात धडकी भरेल असं रूप हवं. वाघ दिवसाही भीती घालतो. वटवाघळाची भीती मात्र अंधारातली आहे आणि बरीचशी माणसाच्या मनातली आहे. ब्रूसला नेमकी तीच हवी होती, कारण त्याच्याकडे पंजे नव्हते, नुसतं रूप होतं.

पुढे या प्रसंगाला खोली येत गेली. मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या १९८७ च्या 'इयर वन'मध्ये ब्रूस पहिल्याच रात्री मार खाऊन घरी येतो. बापाच्या पुतळ्यासमोर रक्तबंबाळ होऊन बसलेला आहे, हाताशी घरचा नोकर आल्फ्रेड याला बोलावायची घंटा आहे, आणि मदत मागावी की मरून जावं हे ठरत नाहीये. तेवढ्यात काच फोडून वटवाघूळ आत येतं. तेव्हा तो घंटा वाजवतो. आमच्या मोठ्या मुलांना मी हे पान आवर्जून दाखवते, ते त्या घंटेसाठी. जगायचं ठरवल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते कोणाला तरी हाक मारण्याचं.

लहानपणी ब्रूस जमिनीखालच्या गुहेत पडतो आणि वटवाघळं अंगावर येतात, हा प्रसंग १९८० च्या दशकातला आहे. ज्याला भ्यायलो तेच झालो, हा अर्थ तेव्हा आला.

आणि एक विनंती. हे वाचून ओढ्याकाठच्या चिंचेवरच्या वटवाघळांना दगड मारू नका. फळं खाणारी वटवाघळं बिया लांबवर नेतात, लहान जातीची रातोरात किडे फस्त करतात. त्यांच्यापासून वावराला फायदाच आहे.

आईबाप गेल्यावर त्याले वाढवलं कोनं?

सगळे म्हणतात आल्फ्रेडनं. पण छापील इतिहासात आल्फ्रेड १९४३ मध्ये आला, तोही मोठ्या झालेल्या ब्रूसच्या दारात नोकरीसाठी उभा राहिलेला, काहीसा विनोदी, जाडजूड माणूस म्हणून. म्हणजे पहिली काही वर्षं त्या अनाथ मुलाला कोणी वाढवलं हा प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. १९६९ मध्ये एका अंकानं फिलिप नावाचा काका आणि मिसेस चिल्टन नावाची घर सांभाळणारी बाई आणली. ती चिल्टन म्हणजे जो चिलची आई, हे वाचकाला शेवटी कळतं. पोटच्या पोरानं ज्याचं घर मोडलं त्याच मुलाला तिनं माया दिली. कथेच्या दृष्टीनं योगायोग जास्तच आहे, तरी ती बाई मनात राहते. आल्फ्रेड पहिल्यापासूनच घरात होता आणि त्यानंच ब्रूसला वाढवलं, हे रूप नंतर रूढ झालं.

माझ्यासाठी यातला सगळ्यात मोठा अंक १९७६ चा, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा ४५७ वा. लेखक डेनिस ओनील, चित्रं डिक जिऑर्डानो. खून झाला त्या गल्लीत बॅटमॅन दरवर्षी त्याच तारखेला जातो. का, तर तिथं लेस्ली थॉम्प्किन्स नावाची एक म्हातारी राहते. खुनाच्या रात्री प्रेतांशेजारी उभ्या असलेल्या पोराला हिनं जवळ घेतलं होतं. बॅटमॅन कोण हे तिला ठाऊक नाही, पण पुन्हा कुठलं लेकरू असं एकटं पडू नये म्हणून ती ती बदनाम वस्ती सोडत नाही.

त्याआधी सदतीस वर्षं त्या रात्रीच्या चित्रात तिघंच होते: मेलेली दोघं आणि उभं राहिलेलं एक. ओनीलनं चौथं माणूस आणलं. मला ही संपूर्ण बॅटमॅनमधली सर्वांत मोलाची भर वाटते. शपथेमुळे बॅटमॅन झाला, पण शपथ घ्यायला ते मूल शाबूत राहिलं ते कोणीतरी त्या रात्री त्याला धरलं म्हणून.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले आहेत. ही गोष्ट त्याला वाचायला द्यावी का?

हा प्रश्न एका सरांनी विचारला. त्यांच्या शाळेत असं एकच मूल नव्हतं.

सर, मुद्दाम नेऊन देऊ नका. 'ही तुझ्यासारख्याची गोष्ट आहे' असं तर मुळीच म्हणू नका. त्यानं स्वतः हात घातला तर अडवू नका, पण पहिल्या वाचनाला कोणीतरी शेजारी असावं, कारण दुसऱ्याच चित्रापासून मरण आहे आणि ते आडपडद्यानं दाखवलेलं नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तेरवीला आलेले पाहुणे त्या आठ-दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "आता घरातला कर्ता तूच, मायला सांभाळ." सगळे भल्या मनानं म्हणतात. ते मूल मान हलवतं. ब्रूसची मेणबत्तीपुढची शपथ मला त्याच जातीची वाटते. फरक एवढाच की ब्रूसला कोणी म्हटलं नाही, त्यानं ते आपणच अंगावर घेतलं. गोष्टीत ते भव्य दिसतं. घरात मात्र त्याचा अर्थ असा होतो की एका लेकरानं रडायचं थांबवलं, खेळ सोडला, आणि रात्री जागून आईचा श्वास ऐकत राहिलं.

म्हणून बॅटमॅनबद्दल त्या मुलाशी बोलायचं झालं तर शपथेचं कौतुक करू नका. दोन गोष्टी सांगा. एक, गल्लीत जे झालं त्यात ब्रूसची काही चूक नव्हती. काही लेखकांनी ब्रूसला अपराधी वाटताना दाखवलं आहे, सिनेमाला जायचा हट्ट मी केला म्हणून, मी घाबरलो म्हणून. बाप गेलेल्या पुष्कळ मुलांच्या मनात असलं काही असतं आणि ती ते बोलत नाहीत. मी वह्या मागितल्या म्हणून, मी परवा भांडलो म्हणून. तुझ्यामुळे काही झालं नाही हे त्यांना स्पष्ट शब्दांत आणि एकापेक्षा जास्त वेळा ऐकायला मिळालं पाहिजे. दुसरी गोष्ट लेस्लीची आणि आल्फ्रेडच्या घंटेची. मदत मागणारा बॅटमॅनही बॅटमॅनच असतो.

मूल खात-पीत नसेल, झोपत नसेल, मरणाबद्दल बोलत असेल तर पुस्तकावर विसंबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक आमच्या कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलेत. आपल्या शाळेतही लावा.

बॅटमॅनपाशी लई पैसा होता. आमच्यापाशी नाही. तं मंग?

पैशामुळे त्याला साधनं आणि मोकळा वेळ मिळाला, हे लपवायचं काही कारण नाही. पण मुखवटा घालणाऱ्या सगळ्यांच्या घरी हवेली नव्हती.

एप्रिल १९४० मध्ये आलेला बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, सर्कशीतल्या झुल्यावरच्या कलाकारांचा मुलगा. खंडणीसाठी सर्कशीला धमकावणाऱ्या झुको नावाच्या गुंडानं झुल्याचे दोर खराब करवले आणि त्याचे आईबाप खाली पडून गेले. १९६४ मधला डेअरडेव्हिल, मॅट मर्डॉक, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या मुष्टियोद्ध्याचा आंधळा मुलगा. पैसे घेऊन हरायचं ठरलं असताना बाप पोरासाठी जिंकला आणि त्याला मारण्यात आलं. मुलगा अभ्यास करून वकील झाला. आणि आपल्याकडे राज कॉमिक्सचा डोगा आहे: कचऱ्यात टाकलेलं, चंबळच्या डाकूनं छळून वाढवलेलं मूल, जे मुंबईत कुत्र्याचा मुखवटा घालून लढतं. विदर्भात हिंदी वाचणं अवघड जात नाही, त्यामुळे डोगा गावोगाव पोचला. तो मात्र बंदूक वापरतो आणि मारतोही, म्हणून आम्ही तो मोठ्या मुलांनाच देतो.

आमच्या वेळी वेताळ होता. तो आधीचा की बॅटमॅन?

आजोबा, वेताळ आधीचा. ली फॉकचा 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाला, म्हणजे बॅटमॅनच्या तीन वर्षं आधी. आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि मराठी अंकांतून तो वेताळ म्हणून घराघरांत आला. तुम्ही ज्या डेंकालीच्या जंगलाबद्दल सांगता ते नाव इंद्रजालमधलं, मूळ मालिकेत तो देश बंगाला होता.

वेताळाच्या गोष्टीतही मुळाशी बाप गेलेला मुलगाच आहे. १५३६ मध्ये चाचे जहाजावर हल्ला करतात, बाप मारला जातो, मुलगा किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, लोभ, क्रूरता आणि अन्यायाविरुद्ध शपथ घेतो. पुढे बापाकडून मुलाकडे तोच वेश जातो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो. बॅटमॅनशी ताडून पाहा. वेताळाला वारसा आहे, कवटीची गुहा आहे, भोवती आपली माणसं आहेत, आणि आपला ताण पुढच्याकडे सोपवायची सोय आहे. ब्रूसची शपथ त्याच्यापाशी सुरू होते, आणि ती खाली कधी ठेवायची हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

मुखवटा घालून कायदा हातात घेणं मुलांना शिकवावं का?

नाही. आणि नीट वाचलं तर बॅटमॅनही ते शिकवत नाही. तो पकडतो आणि गॉर्डनच्या हवाली करतो. शिक्षा तो ठरवत नाही. गॉर्डन पहिल्या गोष्टीपासून आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या मोबाइलवरच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षुकीसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मारणाऱ्या प्रत्येकाला आपण लेकरांना वाचवतोय असंच वाटत होतं. मोठ्या मुलांशी कायद्याबद्दल बोलताना मी हीच घटना सांगते. बॅटमॅन खरा मानला तरी त्यानं स्वतःवर घातलेली बंधनं आधी शिकायची आहेत: पुरावा, कमीत कमी इजा, आणि पोलिसांच्या हवाली करणं. तेवढं घेतलं तर मुखवट्याची गरजच उरत नाही.

कोणत्या वयाच्या मुलाला काय द्यायचं? क्रम काय?

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना आधी रॉबिनची १९४० ची गोष्ट. दुःख त्याच जातीचं आहे, पण तिथं त्या पोराला लगेच सोबत मिळते. मग १९३९ ची दोन पानं, आणि त्यानंतर जो चिलची १९४८ ची गोष्ट. तेरा-चौदाला ओनीलचा १९७६ चा अंक. तो आधीच वाचून दाखवला तरी हरकत नाही, मी कधी कधी तसंच करते. पंधराच्या पुढे 'इयर वन'. त्यात मारहाण, भ्रष्ट पोलीस, देहविक्री सगळं आहे आणि ते मुलांना समजेल अशा वेळीच वाचलेलं बरं. १९८६ ची मिलरची मालिका त्याच्याही नंतर.

बहुतेक अंक इंग्रजीत आहेत. नागपूरला सीताबर्डीत कोणी गेलं तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून काही मिळतात, बाकीचे लोकांनी दिलेले आहेत. इंग्रजी अडलं म्हणून कोणी परत जाऊ नये. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही चित्रं दाखवत मराठीतून मोठ्यानं वाचतो, वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नाला वऱ्हाडीत उत्तर देतो. अंक घरी न्यायचा तर वहीत नाव आणि वर्ग लिहायचा. मिलरचे अंक घरी दिले जात नाहीत, ते इथंच बसून वाचायचे.